आठ टक्के राखून

३ मार्च, मंगळवार

दोनदा पडली!

एकदा पडणार हे ठरलेलंच होतं, चाचणीच होती ती. अकरा वाजता वीजजाळ्याच्या, म्हणजे ग्रिडच्या, कंट्रोलरूममधल्या बाईंचा फोन आला — "पाडतोय हं मॅडम" — आणि त्यांनी एक छोटं वीजकेंद्र मुद्दाम बंद केलं. फ्रिक्वेन्सी पन्नासवरून घसरायला लागली. माझ्या बेचाळीस पवनचक्क्यांनी शिकवल्याप्रमाणे लगेच जास्तीची वीज दिली. ४९.६ वर सावरली, वर यायला लागली. आमचे साहेब टाळ्या वाजवायला खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. आणि बाराव्या सेकंदाला पुन्हा धाडकन खाली. ४९.४! पहिल्यापेक्षा खोल.

बाईंनी चाचणी तिथेच थांबवली. "मॅडम, तुम्ही सावरताय की ढकलताय?" म्हणाल्या. साहेबांनी वर घेतलेले हात हळूच मांडीवर ठेवले आणि कुणाकडे न बघता चहा मागवला.

तीन वर्षं, आणि बारा सेकंद. मला इतका राग आलाय की नेमका कुणाचा तेही कळत नाहीये.

४ मार्च, बुधवार

बाबांकडे परत आले. ते घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून आम्ही तिन्ही भावंडं सुट्या टाकून इथेच आहोत. काल फक्त चाचणीपुरती गेले होते. गेले नसते तर बरं झालं असतं.

रात्रीची भांडी घासताना ताईने विचारलं, "नेमकं बिनसलं काय ते सांग तरी." ताई शाळेत भूगोल शिकवते. तिला वाटतं पवनचक्क्या वारा तयार करतात. (असं ती म्हणालेली नाही. पण वाटत असणार.)

सांगितलं तिला. सगळ्या ग्रिडची मिळून एक चाल असते, तीच फ्रिक्वेन्सी, सेकंदाला पन्नास. कुठलं केंद्र बंद पडलं की ती मंदावते, चढावर सायकल मंदावते तशी. ४९च्या खाली गेली की वस्त्यांच्या वस्त्यांची वीज आपोआप तोडली जाते, नाहीतर सगळंच कोसळेल. आजवर ही चाल टिकली ती जुन्या केंद्रांतल्या अवजड यंत्रांमुळे. शेकडो टन लोखंड गरगर फिरत असतं, ते एकदम हळू होत नाही. पवनचक्की मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या आडून ग्रिडला जोडलेली. फ्रिक्वेन्सी पडली काय नि उठली काय, तिच्या गावीही नसतं. माझा सगळा खटाटोप एवढाच — ते तिच्या कानावर घालायचं. पडली रे पडली की फिरत्या पात्यांतला जोर काढून दहा-बारा सेकंद जास्तीची वीज द्यायची. तोवर बाकीची केंद्रं जागी होतात.

"मग हे तर फुकटच की!" ताई म्हणाली.

फुकट कुठलं! जोर काढला की पाती मंदावतात. मग त्यांना पुन्हा वेग घ्यायला विश्रांती लागते आणि तेवढा वेळ वीज कमी मिळते. पण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! म्हणून तर प्रत्येक चक्कीची विश्रांती वेगळ्या वेळी ठेवली आहे. कागदावर दुसरी घसरण कुठेच दिसत नाही.

"कागदावर," ताई म्हणाली आणि कढई माझ्याकडे सरकवली.

५ मार्च, गुरुवार

साहेबांचा फोन. एप्रिलमध्ये आणखी एक चाचणी मिळेल. तीही फसली तर योजना बासनात. "मॅडम, मग मी पण काही करू शकणार नाही."

६ मार्च, शुक्रवार

आज बाबांना सांगितलं. टाळत होते. बाबा इथल्या जुन्या वीजकेंद्राच्या कंट्रोलरूममध्ये चौतीस वर्षं होते. शेवटी शिफ्ट इनचार्ज. मागच्या खोलीच्या खिडकीतून त्याची चिमणी दिसते, पलंग मुद्दाम तिकडे तोंड करून ठेवून घेतलाय. आता तिथे एकच यंत्र उरलंय. बाबा त्याला म्हातारी म्हणतात. तीस एप्रिलला तीही कायमची बंद होणार, आणि तिची जागा घेणार कोण, तर आम्ही!

भिंतीवरचं घड्याळसुद्धा बाबांनी केंद्रातलंच आणलंय. ते विजेच्या चालीवर चालतं, ग्रिड मंदावली की तेही मंदावतं. रोज सकाळी ते रेडिओशी ताडून बघतात आणि किती सेकंद मागे, किती पुढे, ते कॅलेंडरवर लिहितात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली! आई होती तेव्हा म्हणायची, यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण परवाचे चार सेकंद आठवतात.

माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या चक्क्या म्हणजे जावई गं. वारा असेल तेव्हा येणार, मान घेणार. अडीअडचणीला फोन केला तर बंद."

ताई आतून ओरडली, "बाबा, माझ्या नवऱ्याला मध्ये आणू नका!"

मी हसले, पण लागलं. बाबांनी माझ्या कामाला एकदा तरी बरं म्हणावं असं मला अजून वाटतं. चव्वेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी वाटतं.

तीस तारखेला म्हातारीला बंद करताना बाबांना हजर राहायचंय. व्हीलचेअर नको, स्वतःच्या पायांवर. वॉकर घेऊन पलंग ते दार, दार ते पलंग चाललेलं असतं. डॉक्टर म्हणतात, घाई नको. बाबा म्हणतात, डॉक्टरला कुठे तारीख पाळायचीय?

८ मार्च, रविवार

आवराआवर. धाकट्या भावाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान तीन आठवडे बंद आहे, गिऱ्हाइकं शेजारच्याकडे जायला लागली. ताईच्या परीक्षा. माझ्या बेचाळीस लेकी. एकेकाने आळीपाळीने जायचं असं ठरलं होतं खरं. पण धाकट्याने आजचं तिकीट काढलं, मग ताई म्हणाली मीही त्याच गाडीने निघते, सोबत होईल, आणि मग मी एकटीनेच का राहायचं? औषधं डब्यात लावून ठेवली. शेजारच्या काकू दोनदा डोकावतील. तिघंही इतके दमलो होतो की स्टँडवर एकमेकांशी धड बोललोही नाही.

९ मार्च, सोमवार

बाबा पुन्हा पडले.

१० मार्च, मंगळवार

हाड शाबूत आहे. मनगट सुजलंय, कपाळाला तीन टाके. सकाळी सहाला रेडिओ लावायला उठले, वॉकर जरा लांब होता. काकूंना दहा वाजता कळलं. चार तास फरशीवर!

मी रडले. ते बघून त्यांना आणखी चेव आला. म्हणाले, "आमच्या केंद्रात दोन ऑपरेटर एकाच वेळी चहाला गेले तर मी दोघांनाही मेमो द्यायचो. तुम्ही तिघं एकदम आलात, एकदम राबलात, एकदम दमलात, एकदम गेलात. आळीपाळीचं ठरवणारं कोण होतं?"

"मीच," मी म्हणाले.

"मग बघितलं का नाहीस, खरंच तसं होतंय का?"

डोळे पुसले, त्यांना पेज भरवली. निम्मी स्वतःच्या अंगावर सांडून घेतली त्यांनी, रागाने.

आत्ता लिहिता लिहिता ते वाक्य पुन्हा आठवलं. बघितलं का नाहीस, खरंच तसं होतंय का.

११ मार्च, बुधवार

नव्हतं होत तसं!

ऑफिसात बेचाळीसही चक्क्यांच्या सेटिंगच्या फायली उघडायला सांगितल्या आणि फोनवर एकेक वाचून घेतल्या. एक नंबर — विश्रांती बाराव्या सेकंदाला. दोन नंबर — बाराव्या सेकंदाला. सात, अठरा, तेहेतीस — बारा, बारा, बारा. फेब्रुवारीत प्रोग्राम चढवताना मी एक नंबरची फाइल तयार केली आणि तीच सगळ्यांवर कॉपी केली. मग प्रत्येकीची वेळ बदलायची होती. त्याच दुपारी धाकट्याचा फोन आला, बाबा पडले म्हणून. मी उठले ती सरळ बसस्टँडवर. परत आल्यावर गृहीत धरलं, झालंय.

म्हणजे बेचाळीस चक्क्यांनी मिळून ग्रिडला उचललं, आणि बाराव्या सेकंदाला सगळ्याजणी एकदम दम खायला बसल्या. पडणार नाही तर काय होईल!

साहेबांना सांगितलं, चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. त्यांना हे इतकं अनपेक्षित होतं की रागवायचंच विसरले. मला वाटलं होतं लाज वाटेल. हलकंच वाटलं जास्त.

१५ मार्च, रविवार

तिघांचा फोन एकत्र लावला आणि तक्ता वाचून दाखवला. आठवडा ताई, आठवडा मी, आठवडा धाकटा. आधीचा निघण्यापूर्वी एक अख्खा दिवस दोघांनी बरोबर राहायचं. धाकटा भडकला, "मी काय तुझी चक्की आहे का? रिमोटने चालवायला?" ताई म्हणाली, ती बरोबर बोलतेय. धाकटा म्हणाला, तुम्ही दोघी नेहमीच एक. मग दहा मिनिटं आमचं सगळं लहानपण निघालं — कुणाला सायकल मिळाली, कुणाला नाही. शेवटी कबूल झाला. दुकान इथेच बाबांच्या ओट्यावर मांडतो म्हणाला, इथेही लोकांचे फोन पडून फुटतातच.

बाबांनी तक्ता मागून घेतला, चष्मा लावून वाचला, खाली सही केली. शिफ्ट इनचार्ज!

२२ मार्च, रविवार

आठवडाभर दुसरं काही नाही. प्रत्येक चक्कीला तिची वेगळी वेळ. नववी दहाव्या सेकंदाला सुटी घेणार, तिसावी पंचविसाव्याला. नऊ चक्क्या रिमोटचं ऐकत नव्हत्या, त्यांच्या पायथ्याशी जीपने जाऊन, दार उघडून, एकेक वेळ हाताने घातली. यावेळी रोज संध्याकाळी बेचाळीसही फायली पुन्हा उघडून मोठ्याने वाचते. सुरक्षारक्षकाला वाटतं मी पाढे म्हणते.

आणखी एक केलं. टेकडीच्या आडोशाच्या चक्क्यांना वारा कमी मिळतो. त्यांच्याकडून जोर ओढला तर त्या थांबूनच जातात. तेव्हा ज्यांच्याकडे आधीच कमी, त्यांच्याकडे मागायचंच नाही. ज्यांच्याकडे भरपूर, त्या थोडं जास्त देतील.

२६ मार्च, गुरुवार

माझा आठवडा. बाबा दारापर्यंत वॉकरशिवाय गेले, भिंतीला हात लावून. मी दोन पावलं मागे.

दुपारी सगळं नवं गणित त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग विचारलं, "वारा मध्यम असला, आणि म्हातारी नसली, तर?"

नेमकं तिथेच बोट! वारा जोरात असेल तर मी तरून जाईन. अजिबात नसेल तर चक्क्या बंद, ग्रिडवाले दुसरी सोय करूनच ठेवतात. मधलंच अवघड आहे. सगळे आमच्या भरवशावर, आणि आमच्याकडे पात्यांतल्या जोराखेरीज काही नाही. त्यावर उत्तर एकच — कायम थोडं हातचं राखून चालवायचं. पाती किंचित वळवून ठेवायची, शंभर देता येत असताना ब्याण्णवच द्यायचे. पडली की उरलेले आठ काढायचे. ते आठ दमत नाहीत, त्यांना विश्रांती लागत नाही. हे मी दोन वर्षांपूर्वीच साहेबांना लिहून दिलंय. तेव्हा ते म्हणाले होते, "बारा महिने आठ टक्के वीज वाया घालवू? वरचे मला उभं करतील का?"

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारीला आम्ही कधी पूर्ण ताणली नाही. कायम थोडी सैल." मग खिडकीबाहेर बघत बसले.

३० मार्च, सोमवार

ग्रिडच्या बाईंचा फोन — चाचणी सहा ते अकरा एप्रिलमध्ये. दिवस, वेळ सांगणार नाही. "मागच्या वेळी सांगून पाडली तरी तुम्ही पडलात. आता न सांगता बघू." गोड आवाजात कसं बोलतात या बाई!

१ एप्रिल, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. "तुमचे ते आठ टक्के, मॅडम. चाचणीच्या आठवड्यापुरते ठेवू या का? सोमवारी लावा, चाचणी झाली की काढा."

मी म्हणाले, मग ती चाचणी कशाची? पुढे बारा महिने आपण तसं चालवणारच नाही.

"पुढचं पुढे. आधी पास तर होऊ."

मी हो म्हणाले. लाज वाटली, आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते. तीन वर्षं घातलीत मी यात. पुन्हा फसली तर कुणी तिसऱ्यांदा विचारणार नाही, आणि म्हातारीच्या जागी काय येईल देव जाणे.

४ एप्रिल, शनिवार

बाबांना सांगावं की नाही? फोनवर सांगितलं. वाटलं, झाडतील. तर हसायलाच लागले, पोट दुखेपर्यंत! तपासणी यायची तेव्हा हेही म्हणे रात्रपाळीला लावून गळक्या पाइपांना रंग मारायचे. एकदा त्यांच्या साहेबांच्या साहेबांनी ओल्या रंगाला हात टेकला, आणि दिवसभर हिरवा पंजा घेऊन फिरले, कुणी सांगेना.

"आणि पाइप?"

"पाइप गळायचा की मग," बाबा म्हणाले. "आपल्याला माहीत असायचं कुठला ते. बादली ठेवायचो खाली."

६ एप्रिल, सोमवार

आठ टक्के लावले. चक्क्यांकडे बघून काही कळत नाही, पाती जरा वळलीत इतकंच.

८ एप्रिल, बुधवार

अजून काही नाही. फोन वाजला की धावत जाते. आज तीनदा वाजला — दोनदा ताई, एकदा बँक. बाबांकडे ताईचा आठवडा आहे. बाबा अंगणाच्या फाटकापर्यंत गेले म्हणे. काठीवर! तीस तारखेसाठी शर्टही इस्त्रीला दिलाय. बावीस दिवस आधी!

९ एप्रिल, गुरुवार

झाली! झाली!

चार वाजून दहा मिनिटांनी. वारा नेमका मध्यम. फ्रिक्वेन्सी अशी सरळ खाली आली की मी खुर्चीतून उठलेच. ४९.७, ४९.५, ४९.४. बाईंनी यावेळी फारच जोरात ढकललं! ४९.३१ ला थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. चक्क्यांनी दिलं, मग एकेक करून विश्रांतीला गेल्या, कुणी दहाव्या सेकंदाला, कुणी सोळाव्या, कुणी पंचविसाव्या, आणि राखून ठेवलेल्या आठ टक्क्यांनी मधली फट भरत नेली. मी पडद्याकडे बघून मोठ्याने सेकंद मोजत होते. बारावा आला, गेला. काही झालं नाही! चार मिनिटांत पुन्हा पन्नास. कुठे दिवासुद्धा लुकलुकला नसेल.

साहेबांनी यावेळी टाळ्या पूर्ण वाजवल्या. सगळ्या ऑफिसला चहा. बाईंचा फोन लागेना, सारखा एंगेज. मग साहेब हळूच म्हणाले, "आता काढा ते." सहा वाजता आठ टक्के काढले. काढताना वाईट वाटलं. पण कबूल केलं होतं मी.

बाबांना फोन केला. पूर्ण ऐकलं. मग चक्क म्हणाले, "बरं केलंस." दोन शब्द! मी घरापर्यंत तेच घोकत गेले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "संध्याकाळपासून चिमणीचा धूर दिसत नाही गं. माझे डोळे पण गेले वाटतं." मी म्हटलं, बाबा, चष्मा पुसा आधी.

१० एप्रिल, शुक्रवार

बारा वाजता ग्रिडच्या बाईंचा फोन लागला. निकालाचा कागद कधी मिळेल, विचारलं.

"कसला निकाल? चाचणी अजून घेतलीच नाही, मॅडम."

"मग काल चार दहाला?"

"काल जुन्या केंद्रातलं ते शेवटचं यंत्र गेलं. बेअरिंग जळालं. आता वीस दिवसांसाठी कोण दुरुस्त करतंय? ते बंद झालं ते झालंच. तुम्ही धरलंत म्हणून एकही वस्ती अंधारात गेली नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आठ टक्के परत लावले, बेचाळीसही चक्क्यांवर. फायली उघडून वाचल्या. साहेबांना उद्या सांगेन. एकची बस आहे. आधी बाबांना.